कै. रेव्ह. नारायण वामन टिळक : चरित्र व बोध



ज्युबिलीचे वर्ष म्हणजे प्रभूच्या उपकारांची उजळणी करण्याचे वर्ष होय. आपल्या धर्मग्रामाची वाटचाल या स्मरणिकेच्या इतर पानांवर वाचकांस मिळेलच. आम्ही मात्र येथे एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ख्रिस्ती होणे म्हणजे नेमके कोणापासून व कशापासून वेगळे होणे, हा तो प्रश्न होय.

आपली दिघोरी धानाच्या मुलखातली. पाऊस लागला म्हणजे ख्रिस्ती बाई व तिची शेजारीण एकाच बांधीत वाकून रोवणी करितात. एकाच तलावाच्या पाण्यावर दोघींचे धान पिकते. आणि दिवाळीनंतर मंडई भरून दंडारीचा ढोल वाजू लागला म्हणजे पोरांच्या गर्दीत ख्रिस्ती कोण व इतर कोण हे कोणास ओळखू येत नाही. अशा ठिकाणी आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक म्हणतो की, शेजाऱ्याच्या सुखदुःखाच्या प्रसंगी मी त्याच्या दारी पाऊल टाकले तर माझा विश्वास बाटेल. दुसरा तसे काही म्हणत नाही. परंतु नोकरीच्या ठिकाणी आपण ख्रिस्ती आहो हे तो कोणास कळू देत नाही. पहिल्यास आपल्या वेगळेपणाचा गर्व झाला आहे, दुसऱ्यास त्याची लाज वाटते. दोघेही आमचीच लेकरे. तथापि दोघांच्याही हातून एकच चूक होत आहे, असे आम्हांस वाटते. ती चूक कोणती हे सिद्धान्त मांडून सांगण्यापेक्षा एका पुरुषाच्या चरित्रावरून दाखविणे बरे. तो पुरुष म्हणजे कवी नारायण वामन टिळक.

टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत होते. मग कॅथलिक धर्मग्रामाच्या पुस्तिकेत त्यांचे चरित्र का, असे कोणी विचारील. त्यास उत्तर हे की, व्हॅटिकन येथील दुसऱ्या महासभेने १९६४ साली आपणांस असे शिकविले की, आपल्यापासून विभक्त असलेल्या ख्रिस्ती बांधवांच्या ठायी जे खरोखर ख्रिस्ताचे आहे ते आपण आनंदाने ओळखावे व त्याचा आदर करावा. शिवाय, ख्रिस्ती झाल्यावर मराठी माणसाने या देशात कसे राहावे, हा प्रश्न टिळकांनी ज्या तळमळीने आयुष्यभर सोडविला तसा फार थोड्यांनी सोडविला असेल.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक व कोमल अंतःकरणाची होती, आणि काव्याचा झरा मुलाच्या मनात तिच्याकडूनच आला. ती माउली लवकरच निवर्तली. तेव्हा पोरका झालेला हा मुलगा घर सोडून नाशिकास गेला व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी असे ठेवण्यात आले. लक्ष्मीबाई टिळक या नावाने पुढे सारा महाराष्ट्र जिला ओळखू लागला ती हीच.

नारायणरावांचे मन कोठेच स्थिर होत नसे. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार, असे त्यांचे व्यवसाय बदलत गेले. हातात आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजवंताच्या ओंजळीत पडे. कित्येकदा घरी न सांगता ते निघून जात आणि तरुण पत्नीने वाट पाहत बसावे, असे चाले. या अस्वस्थतेच्या मुळाशी निव्वळ चंचलपणा नव्हता. आपल्या देशाची दैना त्यांस सोसवत नव्हती. माणसामाणसांत भिंती उभ्या करणारा जातिभेद व रूढींचे ओझे गेल्यावाचून देश उठणार नाही, आणि त्यासाठी लोकांस धर्माचाच नवा आधार दिला पाहिजे, असे त्यांस वाटू लागले होते. तसा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, येथपर्यंत त्यांच्या विचारांची मजल गेली होती.

१८९१ साली ते नागपुरास आले. तेथील धनिक गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचा व्यासंग केला. आपला नागपूर धर्मप्रांत त्या वेळी अवघा चार वर्षांचा होता. त्याची स्थापना १८८७ ची. एकाच नगरात एकीकडे आपले मिशनरी धर्मगुरू लॅटिन भाषेत मिस्सा अर्पण करीत होते व दुसरीकडे हा तरुण पंडित संस्कृत पोथ्यांत देवाचा शोध घेत होता.

१८९३ साली टिळकांस राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. तिकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची व त्यांची गाठ पडली. उभयतांत प्रथम काव्याविषयी बोलणे झाले, मग धर्माविषयी. आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेविली. नागपूरहून राजनांदगावास जाणारा लोहमार्ग वैनगंगा ओलांडून भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया अशा आपल्याच मुलखातील स्थानकांवरून जातो. एका मराठी कवीचे जीवन पालटून टाकणारा ग्रंथ या वाटेवरील प्रवासात त्याच्या हाती पडावा, ही गोष्ट आपण भंडाऱ्याच्या लोकांनी विसरू नये.

पुस्तक दिलेच आहे तर वाचावे, अशा बुद्धीने टिळकांनी ते उघडले. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि थबकले. वैऱ्यावर प्रीती करणारा, दीनांस धन्य म्हणणारा, बाह्य सोवळ्यापेक्षा अंतःकरणाची शुद्धी मागणारा हा गुरू कोण, असे त्यांस झाले. ज्या धर्माची आपण मनात आखणी करीत होतो त्याचा स्वामी अठरा शतके आधीच येऊन गेला आहे, हे त्यांस उमगले. मुंबईच्या मिशनऱ्यांशी त्यांनी गुप्तपणे पत्रव्यवहार केला, शंका विचारिल्या, रात्रीच्या रात्री तळमळत काढिल्या. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो एका भारतीय पाळकाच्या हातून घ्यावयाचा, असा त्यांचा आग्रह होता व तो मान्य झाला. नावही त्यांनी बदलले नाही. नारायण वामन टिळक म्हणून ते जन्मले, त्याच नावाने ख्रिस्ती झाले व त्याच नावाने परलोकवासी झाले.

येथे चरित्रकाराने लेखणी जपून चालविली पाहिजे. टिळकांचे धैर्य वर्णन करणे सोपे आहे; त्या धैर्याची किंमत कोणी दिली हे सांगणे कठीण आहे. ही किंमत पुष्कळशी लक्ष्मीबाईंनी दिली. पतीने आपला निर्णय एकट्याने घेतला होता. ती बातमी ऐकून त्यांच्यावर आकाश कोसळले. पदरी लहान मुलगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. आप्त प्रेमळ खरे, परंतु बाटलेल्या माणसाची बायको म्हणून लोकांची बोलणी रोज कानी पडावयाची. कधी नाशिकास, कधी पंढरपुरास, नातलगांच्या आधाराने त्या माउलीने सुमारे पाच वर्षे काढिली. टिळकही तिकडे झुरत होते, पत्रे लिहीत होते, कविता लिहीत होते. परंतु झुरणारा पुरुष स्वेच्छेने निघालेला होता व झुरणारी स्त्री मागे टाकली गेली होती. हा भेद आम्ही धर्मगुरूंनी तरी विसरू नये. प्रभू आपणांस त्याच्यामागे बोलावितो तेव्हा घरदार सोडण्याचीही तयारी मागतो, हे सत्य आहे. तथापि घरच्यांस अंधारात ठेवून जा, असे त्याने कोठे सांगितलेले नाही. आमच्या मते टिळकांच्या हातून या ठिकाणी उणीव घडली, आणि त्यांच्या पुढील आयुष्यातील सहनशीलता पाहता त्यांसही ती कळली असावी.

कारण पुढे लक्ष्मीबाई मुलास घेऊन त्यांच्याकडे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आल्या तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर कसलीही सक्ती केली नाही. ख्रिस्ती पतीच्या संसारात ब्राह्मण पत्नी आपले सोवळेओवळे सांभाळून वेगळे शिजवून खात असे, व पती ते मुकाट्याने चालू देत असे. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, स्वतःच्या बुद्धीने विचार केला. आणि देवाने माणसे घडविताना जात घडविली नाही, ती माणसांनी मागाहून घडविली, हे पटल्यावर प्रथम जातीचा विटाळ सोडिला. ख्रिस्ताचा स्वीकार त्यांनी त्यानंतर केला व १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा इतिहास लिहिला. त्यात कटुतेचा लवलेश नाही, उलट पानोपानी हसू आहे. मराठीत तसा ग्रंथ विरळा.

अहमदनगरास टिळकांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात शिकविले. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. परंतु त्यांचे खरे कार्य निराळेच होते. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत जी गीते गाइली जात त्यांतील पुष्कळशी इंग्रजीवरून भाषांतरित केलेली व इंग्रजी चालीवर बसविलेली असत. शब्द मराठी, परंतु श्वास परका, असे त्यांचे रूप होते. खेड्यातील माणूस ती म्हणे, परंतु ती त्याच्या ओठांवरून हृदयात उतरत नसत. टिळकांनी टाळ, मृदंग व वीणा यांस ख्रिस्ती उपासनेत मानाने बोलाविले. ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या अभंग-ओवीच्या वाटेने त्यांनी ख्रिस्ताची शेकडो पदे रचिली. ख्रिस्तचरित्रावर ते कीर्तन करू लागले तेव्हा ख्रिस्ती व बिगरख्रिस्ती श्रोते एकाच जाजमावर बसून ऐकत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत असत; आणि ज्या पुलावरून आलो तो मोडून टाकण्याचा कृतघ्नपणा त्यांनी केला नाही.

घर सोडल्यावर त्यांनी स्वजन सोडिले नाहीत, हे त्यांच्या काव्यावरूनही दिसते. 'केवढे हे क्रौर्य', 'वनवासी फूल' यांसारख्या कवितांनी त्यांस अवघ्या महाराष्ट्रात मान मिळवून दिला. रसिकांनी त्यांस फुलामुलांचे कवी म्हटले. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीसाठी रडणारा हा कवी ख्रिस्ती की हिंदू, हे वाचताना कोणाच्या ध्यानीही येत नसे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ते इतर कवींबरोबर प्रेमाने वावरले. तेथे नावारूपास आलेले बालकवी ठोमरे पुढे टिळकांच्या घरी पुत्रवत् राहिले. ठोमऱ्यांनी धर्मांतर केले नाही, आणि त्यामुळे टिळक पतिपत्नींच्या मायेत रतिमात्र उणे पडले नाही. परक्यांची व पोरकी मुले तर त्या घरात नेहमीच असत. स्वतःच्या ताटातले वाढून देताना टिळक संसाराचा हिशोब विसरत, व तो लक्ष्मीबाईंस जुळवावा लागे.

देशभक्तीचेही तसेच. ख्रिस्ती झालेला माणूस परकीयांचा झाला, असा त्या काळी लोकांचा समज होता. कित्येक ख्रिस्ती लोकही पोशाख, नाव व चालीरीती यांत परकीयांचे अनुकरण करून तो समज खरा करून दाखवीत. टिळकांनी साधा देशी वेष ठेविला, मातृभूमीवर कविता रचिल्या, आणि भारतीय मंडळीने परक्या पैशावर व परक्या हुकमावर किती काळ जगावे, हा प्रश्न मिशनऱ्यांच्या तोंडावर विचारिला. १८४२ पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून केले, तेही याच भूमिकेवरून.

अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडिली. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती खालावलेली, शिल्लक काही नाही. अशा स्थितीत त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडिला. तेथे बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एकत्र यावे, असा त्यांचा हेतू होता. या एका बाबतीत आम्हां कॅथलिकांस त्यांच्यामागे जाता येत नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. बाप्तिस्मा हे ख्रिस्ताच्या कुटुंबात जन्म देणारे संस्कारद्वार आहे, आणि ख्रिस्तसभा हे केवळ भक्तांचे संमेलन नसून प्रभूचे शरीर आहे, असा आपला विश्वास आहे. तथापि दरबाराच्या मुळाशी जी वेदना होती ती आपण समजून घेतली पाहिजे. पुष्कळ लोकांस ख्रिस्त हवा होता, परंतु ख्रिस्ती समाज नकोसा वाटत होता. कारण त्या समाजात शिरणे म्हणजे आपले लोक व आपली भाषा यांस मुकणे, असे त्यांस दिसत होते. द्वार खरे असूनही त्यापुढे आपणच काटे पसरून ठेविले, तर आत न येणाऱ्यास दोष कसा द्यावा?

९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे देहावसान झाले. दरबार पुढे टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरेच राहिले. परंतु ज्या पत्नीस त्यांनी एके काळी मागे टाकिले होते तिनेच ते पुरे केले. शाळेचा उंबरठा न ओलांडलेली ती स्त्री २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारली, आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रकाशित झाला. पतिपत्नींपैकी कोण कोणास ख्रिस्ताकडे अधिक घेऊन गेले, हे देवच जाणे.

वाचकहो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वेगळेपणाचा गर्व बाळगणारा व वेगळेपणाची लाज बाळगणारा, या दोघांची चूक एकच आहे असे आम्ही म्हटले. ती ही की, ख्रिस्ती माणसाचे वेगळेपण नाव, भाषा, वेष व शेजार यांत असते, असे दोघेही समजतात. म्हणून एक ते मिरवितो, व दुसरा लपवितो. टिळकांनी धनी बदलला, गाव बदलले नाही. त्यांचे वेगळेपण कशात दिसले? वैर न धरण्यात, जात न पाहण्यात, पोरक्यास घरात घेण्यात, पैशास देव न मानण्यात. असे वेगळेपण मिरविण्याची गरज पडत नाही, व लपवू म्हटले तरी ते लपत नाही.

ही शिकवण नवी नाही. दिओग्नेतस नामक गृहस्थास उद्देशून लिहिलेले एक अतिप्राचीन ख्रिस्ती पत्र आहे. त्याच्या अज्ञात लेखकाने सांगितले आहे की, ख्रिस्ती लोक देश, भाषा वा रीतिरिवाज यांवरून इतरांहून वेगळे ओळखू येत नाहीत. जेथे राहतात तेथल्यासारखेच राहतात, आणि जगात त्यांचे स्थान देहात जसा आत्मा तसे असते. आपल्याच ख्रिस्तसभेत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने गोव्यात सुमारे चाळीस वर्षे राहून मराठी इतकी आपलीशी केली की, १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. परदेशातून आलेल्या धर्मगुरूने मराठीत यावे, आणि जन्माने मराठी असलेल्या आपण ख्रिस्ती झाल्यावर मराठीपणास लाजावे, हे शोभत नाही.

मग व्यवहारात कसे वागावे? शेजारी मरण झाले तर जावे, खांदा द्यावा, रडणाऱ्यांजवळ बसावे. मंडईत जावे, दंडार पाहावी. मात्र दारूच्या अड्ड्याकडे पाय वळू देऊ नये. उपासना आपण एका प्रभूचीच करावी, आणि दुसऱ्याच्या उपासनेची थट्टा कधी करू नये. कचेरीत धर्म विचारिला तर नीट सांगावा व तेवढ्याच नीटपणे आपले काम करावे. रोवणीच्या मजुरांस मजुरी देताना ख्रिस्ती मालकाच्या हातून एक पैसाही कमी जाऊ नये. आणि ज्यास प्रभूच्या हाकेमुळे कुटुंबात वेगळी वाट धरावी लागेल त्याने लक्ष्मीबाईंची आठवण ठेवावी. घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे, थांबावे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. आपल्या विश्वासाचा भार शक्यतो आपल्याच खांद्यावर घ्यावा.

आपण धान पिकविणारी माणसे आहो. पऱ्हे प्रथम एका वाफ्यात दाट वाढते. मग ते उपटून बांधीत रोवावे लागते. उपटताना मुळे दुखावतात, चार दिवस रोप पिवळे पडते. परंतु तेथेच राहू दिले तर त्यास लोंबी भरत नाही. रोवल्यावर मात्र चिखल तोच, पाणी तेच, आणि डोक्यावरचा पाऊसही तोच. बाप्तिस्म्याने प्रभूने आपणांस असेच रोविले आहे. परक्या मातीत नेऊन नव्हे, तर याच वैनगंगेच्या खोऱ्यात, याच माणसांत. ती लोंबी आपल्या कोठीत दडवून ठेवण्यासाठी नाही, गावाने पोटभर जेवावे यासाठी आहे.

या ज्युबिलीच्या वर्षी ती कृपा प्रभू येशू आपल्या पवित्र मातेच्या मध्यस्थीने आपल्या प्रत्येक घरास देवो, हीच आमची प्रार्थना. आमेन.